केसपेपरवर एवढा एक प्रश्न वाढवा

प्रति,
माननीय आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

महोदय,

आपल्या विभागाच्या दवाखान्यात कुणी कुत्रे किंवा मांजर घेऊन आले की डॉक्टर ठरलेल्या गोष्टी विचारतात. वय किती, खायला काय घालता, रेबीजची लस कधी टोचली, जंताचे औषध दिले का, उलट्या किती वेळा झाल्या. या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र लिहितो आहे. तो प्रश्न असा : घरात कुणी बिडी-सिगारेट ओढते का? विनंती आपल्याला असली तरी पत्र उघड लिहितो आहे, कारण या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या घरात आहे त्यांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे.

मी चामटोलीचा. बदलापूर आणि वांगणीच्या मधले, उल्हास नदीच्या अंगाचे हे गाव. बाहेरच्या जगाला ते कळले 27 जुलै 2019 रोजी, मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस इथल्या पुरात रुळांवर उभी राहिली तेव्हा. सुमारे 1050 प्रवासी आत होते. डबे शाबूत होते, दारे होती, पण उतरायला जमीन नव्हती. आधी गावातली माणसे पाण्यातून जमेल तशी मदतीला गेली, मग एनडीआरएफच्या बोटी आल्या, आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. आतल्यांच्या हाती काही नव्हते, बाहेरून कुणीतरी येणे भाग होते. बंद खोलीत धुराच्या शेजारी बसलेल्या जनावराची स्थिती मला तशीच दिसते. त्याला खिडकी उघडता येत नाही, कडी काढता येत नाही, आणि ज्याच्या हातात बिडी आहे त्याच्याच पायाशी बसावे असे त्याला मनापासून वाटते.

गाव आता पूर्वीचे राहिलेले नाही. बदलापूर-कर्जत रस्त्याला भातखाचरांच्या कडेने संकुले उभी राहत आहेत. मुंबईत परवडत नाही म्हणून लोक इकडे येतात. घर लहान असते, एक खोली आणि स्वयंपाकघर किंवा फार तर वन बीएचके, पण त्यात हौसेने आणलेला पग असतो, लॅब्रॅडॉर असतो, रस्त्यावरून उचललेले मांजराचे पिल्लू असते, गॅलरीत बजरीगरांचा पिंजरा, टीव्हीशेजारी माशांची टाकी. जुन्या गावठाणात पडवीत झोपणारे गावठी कुत्रे आणि चुलीजवळची मांजर तर पिढ्यान्‌पिढ्या आहेच.

या घरातल्या नोकरदाराचा दिवस बघा. तो बदलापूरहून लोकल पकडतो. गाडीत सिगारेट ओढता येत नाही, फलाटावर नाही, कचेरीत नाही. हे सगळे योग्यच झाले आहे. यातला एकही निर्बंध सैल व्हावा असे मला वाटत नाही. रात्री तो घरी येतो, जेवतो, आणि सोफ्यावर टेकून सिगारेट पेटवतो. पावसाळ्यात तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे खिडक्या बंदच असतात, गॅलरीत पावसाची झड येते, तेव्हा एरवी बाहेर जाणाराही आतच ओढतो. बायको स्वयंपाकघरात जाऊ शकते, मुलगा शेजारी खेळायला जाऊ शकतो. कुत्रा जात नाही. तो दिवसभर याच माणसाची वाट बघत होता.

आणि माणूस सकाळी पुन्हा निघून गेला तरी धूर पूर्ण जात नाही. हवेतले कण खाली बसतात, गादीवर, पडद्यावर, सतरंजीवर, फरशीवर. प्राणी फरशीवर आणि सतरंजीवरच राहतात, चोवीस तास. त्यांच्या केसांतही ते कण अडकतात. मांजराचे यात सर्वांत वाईट होते ते त्याच्या स्वच्छतेमुळे. मांजर जागेपणाचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते. जिभेवरच्या बारीक काट्यांनी ती एकेक केस विंचरते आणि केसावर जे काही आहे ते गिळते. म्हणजे धूर तिच्या फुप्फुसात जातो आणि त्याचा गाळ तोंडाच्या नाजूक अस्तरावरूनही जातो, रोज, वर्षानुवर्षे.

अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयातल्या मांजरांवरचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग झालेली 80 मांजरे आणि मूत्रपिंडाच्या विकाराची 114 मांजरे यांच्या घरांची माहिती त्यात ताडून पाहिली होती. धूम्रपानाच्या घरातल्या मांजरांना लिम्फोमाचा धोका 2.4 पट दिसला. पाच किंवा अधिक वर्षे अशा घरात राहिलेल्यांना 3.2 पट. हा एका रुग्णालयाचा अभ्यास आहे आणि मांजरांची संख्या मोठी नाही, हे मी लपवत नाही. पण वर्षे वाढली तसा धोका वाढला, ही गोष्ट कुठल्याही डॉक्टरला विचार करायला लावेल. तोंडाच्या कर्करोगाकडेही, जो मांजरात जिभेखाली किंवा हिरडीत होतो, याच संशोधकांनी पुढे लक्ष वेधले. लाळ गळते, तोंडाला वास येतो, मांजर ताटलीपाशी येते आणि न खाता परत जाते. घरच्यांना वाटते, दात दुखत असेल. बहुतेकदा दवाखान्यात येईपर्यंत करण्यासारखे थोडेच उरलेले असते.

कुत्र्याचे गणित नाकावर आहे. कोलोरॅडोच्या संशोधकांनी 1992 मध्ये फुप्फुसाच्या आणि 1998 मध्ये नाकाच्या कर्करोगाचा माग काढला. फुप्फुसाच्या बाबतीत एकंदर संबंध फार बळकट निघाला नाही, मात्र आखूड आणि मध्यम नाकाच्या कुत्र्यांत तो अधिक दिसला. लांब नाकाच्या कुत्र्यांत नाकाच्या कर्करोगाचा धोका दुपटीच्या आसपास होता. याचे कारण समजण्यासारखे आहे. लांब नाकातल्या वळणावळणाच्या पडद्यांवर कण अडकतात आणि तिथेच राहतात. आखूड नाकात अडकायला जागा नाही, ते सरळ छातीत उतरतात. आपल्याकडे 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पग घरोघरी पोचवला. त्या बिचाऱ्या कुत्र्याला साध्या हवेतही श्वास घ्यायला कष्ट पडतात. त्याला धुराच्या खोलीत ठेवणे मला बघवत नाही. ब्राझीलमध्ये 2007 साली यॉर्कशायर टेरियर जातीच्या कुत्र्यांची तपासणी झाली, तेव्हा धूम्रपानाच्या घरातल्या कुत्र्यांच्या श्वासमार्गातल्या पेशींत काजळी आणि दाह यांच्या खुणा सापडल्या. ही कुत्री वरून ठणठणीत होती.

पक्ष्यांची गोष्ट आणखी नाजूक. त्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते. उंच उडताना प्राणवायू पुरावा म्हणून निसर्गाने केलेली ही सोय धुराच्या खोलीत उलटते, कारण विषही तितक्याच कार्यक्षमतेने रक्तात जाते. ब्रिटनच्या कोळसा खाणींत 1986 पर्यंत कॅनरी पक्षी नेत, ते याच गुणामुळे. (आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे, तेव्हा मी इथे बजरीगर आणि लव्हबर्डबद्दल बोलतो आहे.) आणि मासे काचेमागे सुरक्षित असतील असे वाटत असेल तर टाकीचा एअर पंप कुठली हवा पाण्यात सोडतो ते पाहावे. खोलीतलीच. 2011 च्या एका प्रयोगात तंबाखूचे अवशेष असलेले ओढून झालेले एक थोटूक लिटरभर पाण्यात भिजवले, तर त्या पाण्यातले निम्मे मासे मेले.

मला सर्वांत अस्वस्थ करते ते वेगळेच. सिगारेटने कर्करोग होतो हे माणसाला पटवून देण्यासाठी आपण कुत्र्यांनाच वापरले आहे. अमेरिकेत ऑस्कर ऑअरबाख आणि क्यूलर हॅमंड यांनी 86 बीगल कुत्र्यांवर प्रयोग केला. त्यांच्या गळ्याला छिद्र पाडून त्यातून त्यांना रोज सिगारेटचा धूर दिला, आणि 1970 च्या फेब्रुवारीत फुप्फुसांतल्या गाठींचे निष्कर्ष जाहीर केले. ते ज्ञान माणसाच्या कामी आले. पाकिटांवर इशारे आले, कायदे झाले. कुत्र्याच्या वाट्याला त्यातले काय आले? त्यांचे हे देणे आपल्यावर आहे असे मी मानतो.

दुसऱ्याने ओढलेल्या धुराचे शास्त्रही घरातूनच सुरू झाले होते. जपानच्या ताकेशी हिरायामांनी 1981 साली स्वतः न ओढणाऱ्या 91,540 बायकांचा चौदा वर्षांचा हिशेब मांडला आणि नवऱ्याच्या सिगारेटने बायकोला फुप्फुसाचा कर्करोग होतो हे दाखवले. कायदा मात्र घराबाहेर राहिला. मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली, 2003 चा कायदा आला, 2 ऑक्टोबर 2008 पासून नियम कडक झाले. हे सगळे उंबरठ्यापर्यंत. उंबरठ्याच्या आत कायद्याने शिरावे असे मीही म्हणणार नाही. पडवीत बसलेल्या म्हाताऱ्याला बिडीबद्दल दंड करायला कुणी येऊ नये. पण प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचे तिसरे कलम सांगते, की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी वाजवी ते सर्व करावे आणि त्याला विनाकारण यातना होऊ देऊ नयेत. हे कर्तव्य कुणी पाळायचे तर आधी ते त्याला कुणी तरी सांगायला हवे. सांगणार कोण? त्या घराशी बोलण्याचा हक्क असलेला एकच माणूस आहे, आणि तो आपल्या विभागाचा डॉक्टर आहे.

हे मी नुसत्या तर्काने म्हणत नाही. आमच्या आळीत एक आजोबा आहेत. सकाळपासून बिडी चालू, आणि मांडीवर पांढरी मांजर. मुलाने सांगितले, सुनेने सांगितले, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवून सांगितले. ते म्हणत, "आता या वयात काय व्हायचे ते होऊ दे." मांजरीचा दमा वाढला तेव्हा तिला तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सहज विचारले, "बाबा, तुम्ही हिच्याजवळ बसून ओढता का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "हिला लागतो होय धूर?" त्या दिवसापासून ते बिडी घेऊन बांधावर जातात. बिडी सुटलेली नाही. पण घरात नातवंड रांगते आहे, आणि घरातली हवा बदलली आहे.

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये प्राणी पाळणाऱ्या 3,293 जणांची पाहणी 2009 साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी 28 टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितले, की आपल्या धुराने प्राण्याला अपाय होतो हे कळले तर आपण सिगारेट सोडायचा प्रयत्न करू. स्वतःच्या छातीसाठी न हलणारा माणूस मुक्या जनावरासाठी हलतो. त्याला मी माणसाचा दोष समजत नाही. स्वतःचे मरण त्याने मनाशी कधीच मान्य करून टाकलेले असते. जनावराच्या त्रासाला त्याने मान्यता दिलेली नसते.

म्हणूनच "माणसांचे प्रश्न सुटले नाहीत आणि तुम्ही मांजरांचे काय घेऊन बसलात" या आक्षेपाला माझे उत्तर असे, की फरशी एकच आहे. ज्या सतरंजीवर कुत्रा लोळतो तिच्यावरच मूल रांगते आणि हात तोंडात घालते. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातल्या 38.7 टक्के प्रौढांनी आपल्याला घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असे सांगितले होते. कुत्र्याबद्दलचा प्रश्न या सगळ्यांसाठी दार उघडतो.

त्याच पाहणीने महाराष्ट्राबद्दल आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्याकडे ओढणारे फक्त 3.8 टक्के, आणि तंबाखू, गुटखा, मिश्री असे धुराविना घेणारे 24.4 टक्के. तेव्हा प्रश्नाला जोड हवी : तंबाखूच्या पुड्या आणि थोटके घरात कुठे पडलेली असतात? कुत्र्याचे पिल्लू जमिनीवरचे सगळे चघळून बघते. त्याच्या वजनाच्या दर किलोमागे 1 मिलिग्रॅम निकोटीनही लक्षणे दिसायला पुरते. तोंडाला फेस, उलट्या, थरथर, धडधडणारी छाती, मग झटके, आणि हे सगळे तासाभरात. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण रिकाम्या पुड्या आमच्या रस्त्याच्या कडेला आजही दिसतात आणि भटकी कुत्री त्या चाटतात. हे विष आहे असे विचारातच आले नाही तर डॉक्टर अन्नातून विषबाधा समजून वेळ घालवतील.

तंबाखूबरोबर दुसऱ्या एका धुराबद्दलही बोलायला हवे, कारण आमच्याकडे नदी आणि भातशेती आहे, आणि म्हणून डासही आहेत. संध्याकाळी दारे लावून मच्छर अगरबत्तीचे कॉइल लावतात, जमिनीवर, कुत्रा झोपतो त्याच्याजवळ. एका कॉइलमधून निघणारे अतिसूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरतात, असे 2003 च्या एका अभ्यासात आढळले होते. गोठ्यात शेणी आणि कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करतात, तीही गाईच्या भल्यासाठीच. धुरीने डास-माश्या हटतात हे खरे आहे आणि शेतकऱ्याचा हेतू चांगला आहे. पण दावणीला बांधलेल्या वासराला त्या धुरातून बाजूला होता येत नाही. गोठ्याची वाऱ्याकडची बाजू उघडी ठेवणे, धुरी जनावराच्या तोंडाशी न करता बाहेरच्या अंगाला करणे, जमेल तिथे मच्छरदाणीची जाळी लावणे, हे सांगणारा माणूसही आपल्याच विभागाचा आहे.

घरात पंखा लावून, खिडकी किलकिली करून, वर सुवासिक अगरबत्ती पेटवून भागत नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगावे. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी 2006 च्या अहवालात लिहिले आहे, की या धुराची सुरक्षित अशी पातळी नाही, आणि हवा खेळती ठेवून किंवा गाळून त्यापासून पूर्ण सुटका होत नाही. ओढणाऱ्याने घराबाहेर ओढावे, आत आल्यावर हात-तोंड धुवावे, जमल्यास सदरा बदलावा आणि मग मांजरीला मांडीवर घ्यावे. मांजराचे अंग ओल्या फडक्याने पुसावे. अंथरूण वरचेवर धुवावे. यातले काहीच खर्चाचे नाही.

आता विनंत्या. केसपेपरवर हा प्रश्न छापून यावा, म्हणजे डॉक्टरांना तो आगाऊपणा वाटणार नाही आणि समोरच्याला आपल्यावरच रोख आहे असेही वाटणार नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांनाही तो द्यावा, कारण गावाकडची जनावरे दवाखान्यात येत नाहीत. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनानिमित्त शिबिरे होतात. गर्दी असते, लोक रांगेत रिकामे उभे असतात, त्यांच्या हातात मराठीतले एक पानी पत्रक सहज देता येईल. आणि परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, जे 1886 पासून उभे आहे, त्याला एक काम सांगावे. धुराच्या संपर्कात आलेल्या प्राण्याच्या लघवीत आणि केसांत निकोटीनचे अंश मोजता येतात. आपल्या घरांची रचना, आपला पावसाळा, आपली बिडी, जिच्या धुरात निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सिगारेटपेक्षा जास्त भरते, हे सगळे अमेरिकेहून वेगळे आहे. मोजणी इथल्याच कुत्र्या-मांजरांची व्हावी. केसपेपरवर उत्तरे नोंदली जाऊ लागली, की या अभ्यासाचा अर्धा पाया आपोआप घातला जाईल.

सुरुवात राज्यभर एकदम करणे अवघड वाटत असेल तर अंबरनाथ तालुक्यापासून करावी. पुढच्या लसीकरण शिबिराच्या दिवशी टेबल मांडून बसायला, येणाऱ्या प्रत्येकाला हे दोन प्रश्न विचारायला आणि उत्तरे नीट लिहून आपल्या डॉक्टरांच्या हाती द्यायला आम्ही चामटोलीतले काहीजण तयार आहोत. नमुन्याचा कागद आणि परवानगी एवढेच आपल्याकडून हवे आहे.

आपला,
चामटोलीचा एक रहिवासी